नोट क्रमांक ४११७ नंतर

टिओंगसन आधी जपानी नोटाच काढतो.
सवय. इलोइलोत गिऱ्हाईक म्हटलं की त्याचा हात तिकडे जातो.
गठ्ठ्यांनी आहेत, अजून करकरीत,
झाडं सुरेख छापलेली, आणि सही कुणाचीच नाही.
मी म्हणते, ठेव बाबा आत.
यांची टोपली रिकामी करून आई
ओंजळभर मीठ आणायची.
बिनसहीचं वचन शेवटी वजनावर विकतात.

मला हव्यात त्या डोंगरातल्या.
शाळेच्या वहीची पानं, निळ्या रेघांसकट,
सिमेंटच्या पिशवीचा खाकी कागद,
करपावत्यांची कोरी पाठ.
ठसा फणसाच्या लाकडात कोरलेला, पेसोतला एस उलटा.
आकडा हातानं घातलेला. खाली, एकूण एक नोटेवर,
युलोहियो नुफाब्ले, खजिनदार.
माझा बाप.

ही नोट अंगावर सापडली की माणूस घरी येत नसे.
म्हणून प्रत्येकीला घड्या आहेत.
टिओंगसन घडीमागे किंमत उतरवतो, मी घडी वाचते :
आठ पदरी, म्हणजे झग्याच्या नेफ्यात;
सुरळी, म्हणजे बांबूच्या पेरात;
अंबाड्यात खोचलेलीला
अजून खोबरेलाचा डाग.

वडिलांचा फोटो नाही. घर जळालं तेव्हा मी तीन वर्षांची.
एवढंच कळलंय, की पहिलं अक्षर ते ऐटीत काढत
आणि शंभरेक सह्यांनी ऐट दमत असे.
तीनशेच्या आसपास शेपटी आखूड होते.
नऊशे साठला शाई संपते, पुढची काजळीची, तपकिरी.
१८४२ वर सहीच्या मध्येच एक टिंब :
कुणी तरी हाक मारली असणार.
मीसुद्धा असेन.

४११६ पर्यंत ते असे भेटत राहतात.
नोव्हेंबरात त्यांना नदीकाठी नेलं.
४११७ वर तारीख डिसेंबरची आहे.

"बनावट," टिओंगसन म्हणाला, "शिवाय फरकटलेली.
हवी तर निम्म्यात न्या."
सही तीच. वळण तेच. ऐटसुद्धा.
फक्त शाई उजवीकडे ओढलेली,
ओल्या अक्षरांवरून लिहिणाराचाच तळहात गेल्यासारखी.
उजव्या हाताकडून असं होत नाही.

आई मासळी डाव्या हातानं चिरायची.

आणि आई निरक्षर, हे सगळ्या गावाला ठाऊक.
रेशनकार्डावर अंगठा, माझ्या शाळेच्या दाखल्यावर अंगठा.
माझ्या लग्नात पाद्री पेन पुढे करून उभा,
आणि ही शाईच्या गादीकडे बोट दाखवतेय.
मला लाज वाटली होती. नवऱ्याच्या घरचे सगळे बघत होते.

४११७ ते ५३०८. मधल्या सगळ्या नाहीत माझ्याकडे,
पण आकडा खोटं बोलत नाही : जवळजवळ बाराशे वेळा
तिनं गेलेल्या माणसाचं नाव जसंच्या तसं काढलं,
दिवा झाकून, मला शेजारी निजवून,
कारण त्या सहीवाचून डोंगरातल्या पोरांना
कुणी भात देत नव्हतं.
मग लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच.
भीतीनं की आणखी कशानं, विचारायचं राहिलं.
कधीतरी विचारू म्हणता म्हणता राहिलं.

लढाई संपल्यावर सरकारनं नोटा वटवल्या,
मधोमध भोक पाडून.
आईनं एकही नेली नाही.
आम्ही त्या वर्षी रताळ्यांवर होतो.

काल टिओंगसनचा फोन : ५३०९ आलीय, मनिलाहून,
पण फार खराब, सहीचा नुसता फराटा,
तुमच्या कामाची नाही.
मी म्हटलं, येते.
पहिल्या बसनं येते. तोवर तिला
फडकं लावू नकोस.